अंधाराची थाळी

तार्तूत डिसेंबरचा दिवस साडेतीनलाच आवरतो,
तेव्हा मी हातमोजे चढवते.
काचेच्या चार थाळ्या. सगळीकडे तेच जंतू,
वॉर्डातल्या कुणाच्या तरी जखमेवरून टिपलेले.
माणसाचं नाव देत नाहीत, आकडा देतात : चारशे सतरा.
एका थाळीला काहीच द्यायचं नाही,
एकीला नुसता उजेड, एकीला नुसते कण.
चौथीला दोन्ही.

कण म्हणजे कसले गं, उस्तिन्या?
वडिलांनी खाटेवरून विचारलं होतं.
पेइप्सीच्या काठी जन्मभर कांदा लावलेला माणूस,
म्हणून म्हटलं, कांद्याचा आतला पापुद्रा घ्या,
त्याचे हजारो पदर सुटले असं धरा,
त्यातल्या एका पदराहून बारीक.
मग नसल्यातच जमा, म्हणाले.
हो बाबा. अंधारात नसल्यातच जमा.

हिरवा दिवा लागला की मात्र
कण जागा होतो,
शेजारून चाललेल्या प्राणवायूला डिवचतो,
आणि तो पिसाळतो.
ज्याच्या नावातच प्राण
तो भिंत फोडून आत शिरतो,
दिसेल त्याला चावतो,
आणि पापणी लवायच्या आत स्वतःही विझतो.
जंतूला औषध ओळखता येतं,
तो त्याच्यासाठी दार बदलतो, कुलूप बदलतो.
स्वतःच्या श्वासासाठी कुठलं कुलूप लावणार?
(लावेलही. वाम्बोला म्हणतो, घाई नको,
त्यांच्याकडे वेळ आपल्यापेक्षा जास्त आहे.)

वडिलांच्या अंगठ्यात पाइक माशाचा काटा गेला
तो ऑक्टोबरात, बर्फ धरायच्या आधी.
साखर आधीपासून होतीच.
तीन औषधं बोथट झाली, चौथं मूत्रपिंडाला झेपेना.
गुरुवारी अंगठा काढणार आहेत.
तुझे ते कण लाव की, ते म्हणाले,
मी म्हटलं, अजून उंदरालासुद्धा लावलेले नाहीत.
मग किती दिवस?
वर्षं, बाबा. दहा धरा.
ते हसले, दाढीत,
आणि भलतंच विचारलं :
सगळेच मेले तर माझ्या पिंपातला कोबी आंबवणार कोण?
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
कणाला कोबी आणि कोथ यांतला फरक कळत नाही,
त्याला दिवा लागलेला कळतो, एवढंच.

त्या रात्री तिसरी थाळी मी फॉइलमध्ये गुंडाळली.
नुसते कण, उजेड नाही. तीच तर साक्षीदार :
तिच्यात जंतू सुखाने वाढले पाहिजेत,
तरच चौथीतल्या मरणाला अर्थ.

सकाळी फॉइल सोडलं.
दुधावरच्या सायीसारखी वाढ, काठोकाठ,
आणि मधोमध एक स्वच्छ चीर.
नखाएवढी. थोडी वाकडी.
आरपार टेबलाचं लाकूड दिसत होतं.
फॉइल दिव्यासमोर धरलं :
तिथेच, तेवढीच, तशीच वाकडी
एक फट.
माझ्याच नखाने पडली असणार, गुंडाळताना.

वाम्बोलाने थाळी पाहिली, मग मला पाहिलं.
काय उजेड पाडलास, म्हणाला,
आणि आपण काय बोललो ते कळून
हसू दाबत दाराकडे वळला.
परत कर. चारही.

टाकण्याआधी मी ती खिडकीशी नेली.
बाहेर एमायोगी नदीवर धुकं, दहा वाजले तरी दिवे चालू.
चारशे सतरा कोण, मला ठाऊक नाही.
विचारायचं नसतं. मी विचारलं नाही.
पण त्या चिरेवर, काचेच्या खालून,
बराच वेळ अंगठा धरून उभी राहिले,
काही उमटतंय का पाहत असल्यासारखी.
काच थंड होती. बाकी काही नाही.

मग नवीन फॉइल, दुहेरी, कडा मुडपून.
आणि वहीत, नियमाप्रमाणे, निळ्या शाईने :
थाळी तिसरी, बाद.
कारण : उजेड.